दोन अँपियरचा जीव

चतुर्थीच्या आदल्या रात्री आमचा अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला. मालवणात पावसाळ्यात माडाची झावळ तारेवर पडते, लाईट जाते, येते, परत जाते. यावेळी येताना ती फ्यूज घेऊन गेली.

फ्यूज म्हणजे वीस मिलिमीटरची काचेची नळी, आत केसाएवढी तार. टोपणावर 'टी 2 ए' कोरलेलं. वाचायला आईचा चष्मा लागला. दुकानात मी नुसतं "दोन अँपियर" म्हटलं आणि दहा 'एफ'वाले घेऊन आलो. 'टी' संथ, 'एफ' तापट, हे ज्ञान नंतरचं. आतला गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. संथ फ्यूज ते पोटात घालतो, तापट जागीच प्राण सोडतो. बटण, टिक्, काळा डाग. सात मी उडवले, आठवा भाच्याने हौसेने.

"मामा, चॉकलेटची चांदी गुंडाळूया?"

आईने नुसतं पाहिलं. चांदी परत खिशात गेली.

मग मला अक्कल सुचली. घराला एमसीबी आहे, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, मग अ‍ॅम्प्लिफायरला का नको? उडाला की खटका वर करायचा, फुकट! माळ्यावर सहा अँपियरचा 'सी' टाइप पडला होता. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू हिरवे पडलेले, ते घासले. फ्यूजची जागा तारेने जोडली आणि खटका लाकडी फळीवर ऐटीत बसवला. बटण दाबलं. एमसीबी ढिम्म. भजन सुरू. मी घरात शास्त्रज्ञासारखा फिरू लागलो.

दुसऱ्या दिवशी आरतीत कापूर, धूप आणि तिसराच एक वास. एमसीबी अजून ढिम्मच.

वायरमनकाकांनी झाकण उघडलं. एक कपॅसिटर पुरीसारखा फुगलेला. क्षणभर चालू करून तारेभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: चार अँपियर.

"म्हणजे नऊशे वॅट. लाकडी खोक्यात इस्त्री ठेवलंस रे!"

"पण काका, एमसीबी होता ना..."

"तो सहाचो. चारात तो कित्याक उडतलो? तो भिंतीतली वायर राखता. तुझो डबो जळलो तर त्याका काय?" शॉर्ट सर्किट झालं तरी 'सी' टाइप झटकन उडायला रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे तीस ते साठ अँपियर, हेही त्यांनी मोदक खाता खाता सांगितलं. अशा डब्यांसाठी छोटे, बटण दाबून परत चालू होणारे थर्मल ब्रेकर मिळतात म्हणे. पण तेही डब्याच्या मापाचेच हवेत.

ट्रान्सफॉर्मर वाचला, कपॅसिटर बदलला, 'टी'वाला फ्यूज मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी आणला. एमसीबी मात्र फळीवर तसाच आहे, फ्यूजच्या अलीकडे. आईने काढू दिला नाही. रात्री दहाला ती येते, माझ्याकडे न बघता खटका खाली ओढते आणि झोपायला जाते.