‘उशीच नको’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

उशीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘उशीवर एवढं पाल्हाळ कशाला? उशी मानेला वाईटच, बिनउशीचं झोपा, विषय संपला. घरबसल्या सल्ले देऊन लोकांना खर्चात पाडू नका. धूळकिडे वगैरे सगळं थोतांड.’ मतभेदाला माझी ना नाही. पण ‘विषय संपला’ ही कुठली भाषा? पटत नसेल तर कारण द्या. एका फटक्यात निकाल लावून मोकळं होण्याला चर्चा म्हणत नाहीत.

पालथं झोपणाऱ्याने उशी काढून टाकली तरी चालेल आणि उताणं झोपणाऱ्याला बेताची पुरते, एवढं तुमचं मान्य. पण कुशीवर झोपणाऱ्याचं काय? खांदा गादीला टेकला की कान आणि गादी यांच्यामध्ये चांगलीच पोकळी राहते. ती भरली नाही तर डोकं खाली कलतं आणि मान रात्रभर एका बाजूला ताणलेली राहते. खांदे रुंद असतील तर उशी उंच लागते, अंगकाठी बारीक असेल तर कमी. त्यातही गादी मऊ असली तर खांदा आत रुततो, मग तेवढी उंच उशीही जास्त होते. म्हणजे शेजारच्याला मानवलेली उशी तुम्हाला मानवेलच असं नाही. हे सगळं एका ओळीत कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

आणि ‘घरबसल्या सल्ले’ हे शब्द मला फार लागले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांची उशी रोज माझ्याच हातात असायची. अभ्रा काढला की घामाची पिवळी वर्तुळं, मधोमध डोक्याचा खळगा, कडेला कापसाच्या घट्ट गाठी. त्या गाठी बोटांनी सोडवत मी बसले आहे. उशी बदलल्यावर त्यांची मानेची कुरकुर थांबली, तीही मीच पाहिली आहे. माणसाची माहिती नसताना असं बोलू नये.

खर्चाचं म्हणाल, तर ‘नवी घ्या’ असं मी सरसकट लिहिलेलंच नाही. फायबरची उशी मधोमध दुमडून सोडा. आपणहून उलगडली तर खुशाल वापरा, तशीच पडून राहिली तर तिचा दम संपला. अभ्र्याच्या आत चेनचं कव्हर घाला, म्हणजे घाम आतपर्यंत जात नाही. यात कुणाला खर्चात पाडलं?

धूळकिड्यांवर वाद घालत नाही. उशी-गादीत राहणारे हे डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि ६० अंशांच्या पाण्यात धुतलं की मरतात. ‘लेटेक्सच्या, म्हणजे रबरी फेसाच्या उशीला ऊन चालत नाही हे लिहायचं राहिलं’ असंही शेवटी म्हणालात. ते लेखात आहे, पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं.

तुम्ही स्वतः कुशीवर झोपता की उताणे, ते मात्र लिहिलेलं नाही. तेवढं कळवलंत तर पुढे बोलता येईल.