प्रकाश थकलाय म्हणे!

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले आणि वाडीच्या ग्रुपवर फॉरवर्डांना भरती आली. एक तर तिघांनी टाकला: ‘प्रकाशाचा वेग घटतोय, जुनी मोजमापं पाहा. पितळ उघडं पडू नये म्हणून शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये आकडाच गोठवला. चंद्र लांब चाललाय, दिवस मोठा होतोय, म्हणजे गुरुत्वाकर्षणही ओसरतंय. स्थिरांकच स्थिर नाहीत, तर खडकांची वयं कशी खरी?’

जुनी मोजमापं पाहूच. फॉरवर्डमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोचा 1849 चा आकडा आहे, सेकंदाला साधारण 3 लाख 13 हजार किलोमीटर. आजचा 2 लाख 99 हजार 792. घटला की! पण 1862 मध्ये त्याच्याच देशातल्या फुकोला 2 लाख 98 हजार मिळाला, म्हणजे आजच्याहून कमी. रोमर या खगोलशास्त्रज्ञाच्या 1676 च्या निरीक्षणांवरून काढलेला वेग तर 2 लाख 20 हजारांच्या आसपास. हे दोन्ही गाळलेत. टोपलीत वर ताजे बांगडे, खाली शिळे, त्यातलाच प्रकार. फिझो दातेरी चाक फिरवून, साडेआठ किलोमीटरवरच्या आरशावरून परतलेला प्रकाश दात्याआड कधी लपतो ते बघत होता. त्यात चार-पाच टक्के चुकला, तर मी त्याला पैकीच्या पैकी देईन. 1930 च्या दशकात आकडा आजच्यापेक्षा 18 किलोमीटरनं खाली आला आणि 1950 च्या सुमारास पुन्हा वर गेला. प्रकाश मध्येच दमला आणि चहा पिऊन ताजातवाना झाला, असं म्हणायचं का?

1983 चा आक्षेप मात्र बरा आहे. तेव्हापासून मीटरच प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, त्यामुळे मीटरमध्ये मोजून वेग बदललेला दिसणारच नाही. मग लपवलं का? आमच्या माळ्यावर जुनी पायली आणि शेर आहेत, पायलीच्या तळाला वाळवी लागलेली. उद्या भात, पायली, शेर सगळंच सारखं आक्रसलं, तर मापून काही कळायचं नाही. पण पायलीत चाराऐवजी पाच शेर मावू लागले, तर काहीतरी बिघडलंय हे आजीलाही कळलं असतं. त्या ‘चार’ला एकक नाही. भौतिकशास्त्रात असाच एक बिनएककाचा आकडा आहे, अल्फा, सुमारे एक भागिले 137. प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि अणूंच्या जगातला प्लांकचा स्थिरांक त्यात एकत्र येतात. मीटरची व्याख्या काहीही करा, हा गोठत नाही.

आणि तो बदलतो का, हे शास्त्रज्ञच हात धुऊन मागे लागून तपासतायत. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवताना सूर्यप्रकाशातल्या हेलियमच्या पिवळ्या रेषेची गोष्ट सांगतात ना, तसल्याच रेषा, पण लोखंड-मॅग्नेशियमच्या, क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या, फार तेजस्वी दीर्घिकांच्या गाभ्यांच्या प्रकाशात मोजतात. अल्फा वेगळा असता तर या रेषांमधली अंतरं वेगळी दिसली असती. 1999 पासून जॉन वेब या खगोलशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांत पाच-सहा भागांचा फरक दिसतो असं जाहीरपणे छापलं. पुढे या रेषा मोजणाऱ्या वर्णपटमापकांच्याच तरंगलांबीच्या मोजणीत तेवढ्या मोलाचे दोष सापडले. गॅबनमधल्या ओक्लोला सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतच नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. तिथल्या सॅमेरियम या मूलद्रव्याचं प्रमाण सांगतं की तेव्हापासून अल्फा दहा लाखांत एक भागही हललेला नाही. फॉरवर्डला ज्यांच्या वयाचा संशय, त्या खडकांतला आमच्या सड्याखालचा काळा कातळ तर साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे कालचा पोर. आजची अणुघड्याळं एकमेकांशी ताडली, तर वर्षाला एकावर सतरा शून्यांतला एक भागही बदल सापडत नाही.

राहिला चंद्र. तो वर्षाला 3.8 सेंटिमीटर लांब जातो, हे खरं. दिवस शतकाला दोन मिलिसेकंदांहून थोडा कमी लांबतो, तेही खरं. पण गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक न बदलताही हे होतं, भरती-ओहोटीमुळे. पाण्याच्या घर्षणानं पृथ्वी मंदावते आणि तिनं गमावलेली गिरकी चंद्राला लांब ढकलते. गुरुत्वाकर्षण घटतंय ही कल्पना 1937 मध्ये खुद्द थोर भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकनं मांडली होती. 1948 मध्ये टेलर या भौतिकशास्त्रज्ञानं हिशेब केला: तसं असतं तर पूर्वी सूर्य इतका प्रखर असता की समुद्र उकळले असते. अपोलोच्या यात्रींनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर आज लेसर मारून अंतर मोजतात. फॉरवर्डमधले ते 3.8 सेंटिमीटर तिथूनच आलेत, आणि त्याच मोजणीत हा स्थिरांक वर्षाला लाख कोटींत एक भागही बदललेला दिसत नाही.

सर्वपित्रीच्या उधाणात परवा आमच्या जेटीची वरून दुसरी पायरी बुडाली. दिवस लांबवणारं पाणी ते हेच.