दोन बोटांचं काम

गळका नळ दिवसा गळत नाही. म्हणजे गळतो, पण ऐकायला कुणी मोकळं नसतं. रात्री दिवे मालवले, डोळा लागायला आला, की मोरीतून पहिला ‘टप्’ येतो आणि दुसऱ्याची वाट पाहण्यात झोप उडते. तो आला की ‘आला एकदाचा’ म्हणून हायसं वाटतं, तोवर तिसऱ्याची काळजी सुरू. यावर घरोघरी ठरलेला उपाय एकच: अंधारात चाचपडत जायचं आणि नळाची मान पिळायची.

माझं भांडण या पिळण्याशी आहे. आट्यांच्या जुन्या नळात पाणी अडवतं ते पितळ नव्हे, आतलं टिकलीएवढं रबरी वायसर. ते खालच्या गोल बैठकीवर नीट टेकलं की काम झालं. रबर जुनं होऊन कडक झालं, की त्यावर बैठकीचा वळ उठतो आणि पाणी त्या वळातून वाट काढतं. जोर लावला की वळ आणखी खोल जातो. पुढे रबर फाटतं, धातूवर धातू घासतो आणि बैठकीलाच खाच पडते. वायसरचं दुखणं आपण मनगटाच्या जोरावर अख्ख्या नळाला लावतो.

थेंबच तो, असंही म्हणू नये. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसाला ४ लिटरच्या वर पाणी जातं. १५ लिटरची बादली साडेतीन दिवसांत काठोकाठ.

हत्यारं काढण्याआधी पाणी येतं कुठून ते पाहावं. नळ बंद असताना तोंडातून टपकत असेल तर वायसर किंवा बैठक. चालू असताना मुठीखालून झिरपत असेल तर दांड्याभोवतीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. तिथला नट पाव फेरा आवळूनही पुष्कळदा भागतं. भिंतीजवळच्या सांध्यातून येत असेल तर आट्यांवरची टेफ्लॉन टेप. हे न पाहता सांध्याला बाहेरून टेप गुंडाळणारे भाविक खूप आहेत. टेप आट्यांच्या आत दबली तरच पाणी अडवते. बाहेरून ती नुसती मलमपट्टी दिसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (लांब मानेचा नळ बंद केल्यावर मिनिटभर चार-दोन थेंब पडतात, ती गळती नव्हे. मानेत उरलेलं पाणी आहे, पडू द्या.)

आता मेन कॉक, घराचं पाणी जिथून बंद होतं तो. खरं घोडं इथेच पेंड खातं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याने तो क्षारांनी जाम झालेला असतो. एकदम ताकद लावली की चावी हातात येते आणि मग गळक्या नळाची आठवणही गोड वाटू लागते. थोडा बंद, थोडा उघडा, असं पुढेमागे करत त्याची मनधरणी करायची. बंद झाला की नळ सोडून उरलेलं पाणी काढायचं आणि नळ तसाच अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे वायसर बैठकीत दाबलेलं राहत नाही.

पुढची पायरी माणसं हमखास विसरतात: मोरीच्या जाळीवर फडकं. मुठीवरची टिकली काढून आतला स्क्रू सोडवला, की तो थेट जाळीच्या छिद्राकडे निघतो. मूठ निघाल्यावर खालचा मोठा नट पान्याने सोडवावा. पक्कड नको, ती नटाचे कोपरे खाते. दुसऱ्या हाताने नळाचं धड घट्ट धरावं, नाहीतर नटाऐवजी नळच भिंतीत फिरतो. बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाचं जुनं वायसर खिशात घालून दुकानात न्यावं. बोटांनी माप दाखवणाऱ्याला दोन फेऱ्या चुकत नाहीत. बैठकीवरून बोट फिरवून पाहावं. खाच लागली तर नवं वायसर फार दिवस टिकणार नाही, बैठक घासून घ्यावी लागेल किंवा नळ बदलावा लागेल.

पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वायसर शोधत बसू नये. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा कण अडकून चरा पडला की चकत्यांसकट आतलं सगळं कार्ट्रिजच बदलायचं. नवं घेताना माथ्यावरचे दाते मोजावे आणि ते कोणत्या बाजूला उघडतं तेही पाहावं. गरम-थंडाच्या जोडीत दोन्ही बाजूंची येतात. चुकीचं बसलं की नळ उलटा चालतो.

जोडणी झाल्यावर नळ उघडा ठेवून मेन कॉक हळूहळू सोडावा. नळ आधी फुरफुरतो, थोडा गढूळ खाकरतो, मग धार धरतो. बंद करून तोंड कोरडं पुसावं, खाली कागद ठेवावा आणि १० मिनिटं कुणाला काही सांगू नये. कागद कोरडा राहिला तर घरातल्या सगळ्यांना बोलावून, नळ दोन बोटांनी कसा बंद करायचा ते करून दाखवावं. सगळे मान डोलावतात. त्याच रात्री कुणीतरी पाणी प्यायला उठतं आणि जाता जाता, गळत नसलेला तो नळ, खात्री म्हणून, दोन्ही हातांनी पिळून जातं.