हँडच्या नावानं चांगभलं

मला कुणीतरी समजावून सांगा. ज्या माणसाला उद्या तहसील कचेरीत बसून फेरफार, दाखले आणि पंचनाम्यांच्या फायली हलवायच्या आहेत, त्याला 'हँड ओव्हर फिस्ट' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आला नाही तर राज्याचं काय घोडं अडणार आहे? सातबाऱ्यावरच्या नोंदी थांबतील? अतिवृष्टीचं अनुदान परत जाईल? नाही ना? मग स्पर्धा परीक्षेत चुकलं की पाव गुण कापू, अशी दहशत घालून हे आमच्या डोक्यात का कोंबताय?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेय आणि पुढ्यात इंग्रजीच्या गाइडाचं ते पान आहे. पान कसलं, झेरॉक्सची झेरॉक्स. डाव्या कडेची अक्षरं बांधणीत गेलेली, मधोमध कुणाच्या तरी चहाचा गोल डाग, आणि आधीच्या मालकानं पिवळ्या हायलायटरनं पानच्या पान रंगवून ठेवलेलं. महत्त्वाचं काय म्हणाल तर सगळंच. वर ठळक टायपात 'हँड', खाली दोन रकाने ठासून भरलेले. 'अ‍ॅट हँड' म्हणजे जवळ. 'ऑन हँड' म्हणजे हजर. 'इन हँड' म्हणजे हाती घेतलेलं, किंवा ताब्यात असलेलं, किंवा सगळी कापाकापी होऊन खात्यात पडणारा पगार. 'टू हँड' म्हणजे पुन्हा जवळच. अरे, एका हाताला किती शेपट्या लावाल!

त्यातला 'आउट ऑफ हँड' तर निव्वळ हलकटपणा आहे. गाइडात अर्थ एकच छापलाय: हाताबाहेर जाणे. मराठीशी जुळतो, म्हणून आपण खूश. आणि पेपरात वाक्य येतं की समितीनं प्रस्ताव 'आउट ऑफ हँड' फेटाळला. इथे समितीच्या हाताबाहेर काहीही गेलेलं नाही. विचारही न करता तडकाफडकी फेटाळला, एवढंच म्हणायचंय. शब्द तेच, क्रम तोच, पुढचं क्रियापद बदललं की अर्थ बदलला. आणि पर्यायांत दोन्ही अर्थ शेजारीशेजारी ठेवलेले, आमची मजा बघायला. 'गिव्ह हिम अ हँड'चीही तीच गत. मदत कर, किंवा टाळ्या वाजव. गटारात पडलेल्या माणसाकडे बघून कुणी असं ओरडला तर धावायचं की टाळ्या पिटायच्या?

घड्याळाकडे या. घड्याळाला काटे असतात, हे आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. इंग्रजांनी तिथेही हात चिकटवले. बरं, चिकटवले तर चिकटवले, पण 'सेकंड हँड' हा घड्याळातला तिसरा हात! तास पहिला, मिनिट दुसरा, आणि तिसरा म्हणे सेकंड. कारण लॅटिनमध्ये तासाची पहिली बारीक वाटणी म्हणजे मिनिट आणि दुसरी बारीक वाटणी म्हणजे सेकंड. हे कुणी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं, जन्मभर राहिलं असतं. पण गाइडात काय आहे? '१. वापरलेले २. सेकंद काटा.' संपलं. पुढचा शब्द.

आता घोडा. आमचा तालुका शहादा. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो, लहानपणापासून बघतेय. तिथं घोड्याची उंची सरळ इंचांत सांगतात. साहेबाच्या देशात घोडा 'हँड'मध्ये मोजतात, आणि एक हँड म्हणजे चार इंच. आठव्या हेन्रीच्या काळात कायदा करून ठरवलेलं माप आहे हे. गाइडवाल्यानं त्याचा अर्थ दिलाय 'एक हात'. शाब्बास! आपला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण अठरा इंच. म्हणजे त्यांचा १५ हँडचा पाच फुटी घोडा या विद्वानाच्या मराठीत साडेबावीस फुटांचा झाला. नवरदेवाला चढवायला क्रेन मागवा. आणि खरी गंमत पुढेच आहे. १४.२ हँड असं लिहितात तो दशांश नव्हेच. १४ हँड आणि वर २ इंच, म्हणजे ५८ इंच. १४.३ नंतर थेट १५ येतं. दशांशचिन्ह वापरायचं आणि दशांश मानायचा नाही, असा हिशेब आमच्या गावच्या किराणा दुकानदारानं केला असता तर लोकांनी त्याचा तराजू फेकून दिला असता.

'हँड्स डाउन' जिंकणंही घोड्यांमधलंच. जॉकी इतका पुढे असतो की लगाम खेचायची गरजच उरत नाही, हात खाली सोडून तो शर्यत जिंकतो. 'हँड ओव्हर फिस्ट' जहाजावरचं. दोर भराभर ओढताना एका हातापुढे दुसरा हात पडत जातो, तसा पैसा ओढणं. हे कळलं की पाठ करावं लागत नाही. जहाज बुडालं आणि 'ऑल हँड्स' गेले म्हणजे हात गेले नाहीत, आख्खी माणसं गेली. खलाशी म्हणजे हँड, शेतमजूर म्हणजे हँड, गिरणीतला कामगार म्हणजे हँड. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत कामगारांची संघटना काढली, तिचं नावसुद्धा बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. इतिहासाच्या पेपरासाठी हे नाव मी पाठ केलंय, इंग्रजीच्या पेपरासाठी 'हँड म्हणजे कामगार' वेगळं पाठ केलंय, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे कुठल्याही क्लासात कुठल्याही सरांनी सांगितलं नाही. मालकाला माणसाचं डोकं नको, पोट नको, हात तेवढे हवेत, असं सरळ त्या शब्दात लिहिलंय की हो! त्यावर पाच मिनिटं बोलायला काय जातं? पण नाही. 'फॅक्टवर या, फॅक्टवर.'

आता कुणी म्हणेल, मराठीत काय कमी हात आहेत? आहेतच. ताटावर हात मारतात आणि तिजोरीवरही. ज्योतिषाला हात दाखवतात, एसटीला हात दाखवतात, आणि फार झालं तर शेजाऱ्यालाही एकदाचा हात दाखवतात. वजाबाकीत हातचा घेतात, लग्नात दोनाचे चार हात करतात, महिनाअखेरीस मैत्रिणीकडून हातउसने घेतात. पण यातलं एकही मला आजीनं यादी करून पाठ करायला लावलं नाही. सात-आठ खेळताना 'तुझे हात किती झाले गं?' असं ती विचारायची, आणि हात म्हणजे काय ते जिंकलेली पानं पुढ्यात रचतानाच कळायचं. इंग्रजी पत्त्यांत मात्र 'हँड' म्हणजे वाटून आलेली पानं. म्हणून 'शो युवर हँड' म्हणजे मनातला बेत उघड करणं. पत्ते खेळणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत समजेल असं आहे हे. गाइडात लिहिलंय 'हात दाखवणे'. दाखवतेच आता.

आणि जुळत नाहीत ते हात तर काय सांगू. त्यांच्यात 'हात धुतले' म्हणजे अंग काढून घेतलं. बायबलातल्या त्या पिलातानं लोकांसमोर पाणी मागवून हात धुतले, तेव्हापासूनचं. आपल्यात हात धुवून मागे लागतात. बरोब्बर उलटं! ऑनलाइन क्लासात खाली 'रेज हँड'चं बटण असतं, ज्याला बोलायचंय त्यानं दाबायचं. आणि आपल्याकडे हात वर केले की समजायचं, हा आता पैसेही देणार नाही आणि जबाबदारीही घेणार नाही. अशा ठिकाणीच तर समजावून सांगायची गरज असते, आणि नेमक्या तिथेच गाइडवाल्यानं शब्दाला शब्द ठेवून मोकळं व्हायचं. जुळणारे मात्र कधी विचारणार नाहीत. 'हँड टू माउथ'ला आपल्याकडे हातावरचं पोट आहे, उजवा हात तर दोन्हीकडे उजवाच. 'रेड हँडेड' तर काय, रोज वर्तमानपत्रात वाचतो. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात खुन्याच्या हातावरचं ताजं रक्त होतं ते. आपल्याकडे लाचेच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात, मग साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. रंगेहाथ म्हणजे शब्दशः रंगेहाथ. एवढा एक वाक्प्रचार सरकारी नोकरीत खरंच उपयोगी पडेल, तर तो पेपरात येत नाही.

आमच्या सरांविषयी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलतेच. सर इंग्रजी शिकवत नाहीत, ट्रिक शिकवतात. परवा 'हँडिकॅप' शब्द आला. सरांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि सांगितलं की इंग्लंडच्या राजानं युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना हातात टोपी घेऊन भीक मागायची परवानगी दिली, म्हणून हँड-इन-कॅप. वर्गात सन्नाटा. पुढच्या बाकावरच्या दोघींनी लिहूनही घेतलं. धादांत खोटी गोष्ट आहे ही, व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतेय. हँड-इन-कॅप हा सतराव्या शतकातला अदलाबदलीचा खेळ होता. दोघं आपापल्या वस्तू बदलायला काढायचे, तिसरा पंच फरकाची किंमत सांगायचा, सगळे टोपीत पैसे ठेवायचे आणि सौदा मान्य की अमान्य ते टोपीतून हात बाहेर काढताना कळायचं. पंचाचं तेच काम पुढे घोड्यांच्या शर्यतीत आलं: दमदार घोड्यावर जास्त वजन लादायचं, म्हणजे सामना बरोबरीचा. अपंगत्वाचा अर्थ तर फार उशिरा, विसाव्या शतकात चिकटला. मी हात वर केला (बोलायचं होतं म्हणून) आणि म्हटलं, सर, हे असं नाहीये. सर म्हणाले, "अगं, तुला पीएचडी करायचीय की पोस्ट काढायचीय?" वर्ग हसला.

पोस्टच काढायचीय हो. म्हणून तर जीव जळतो. अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, कॉट बेसिसवरचं भाडं, हे सगळं गावाकडून येतंय, आणि त्या पैशांत मी काय विकत घेते, तर चुकीचा छापलेला हात. उत्तरतालिकेत चूक सापडली तर हरकत घ्या म्हणतात. घ्या की! काही परीक्षांत एकेका हरकतीला पैसे मोजावे लागतात. शिवाय पुरावा म्हणून पुस्तकाचं पान जोडा. कुठलं पान जोडू? बाजारातली चार गाइडं उघडली तर चारही एकमेकांवरून उतरवलेली, चुकीसकट. 'हँड इन ग्लव्ह' बरोबर आणि 'हँड अँड ग्लव्ह' चूक, असं चारही ठिकाणी छापलंय. प्रत्यक्षात दोन्ही चालतात, आणि जुनं रूप 'अँड'वालंच आहे. म्हणजे मी शब्दकोशाचं एक पान जोडणार, आणि समोरून चार पुस्तकं साक्षीला उभी राहणार.

शेवटी प्रकाशकालाच फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला. "ताई, सुधारित आवृत्ती आलीये, तीच घ्या ना." अप्पा बळवंत चौकात जाऊन दुकानातच उभ्यानं उघडून बघितली. किंमत सुधारलीय. कागद सुधारलाय. घोडा अजून साडेबावीस फुटांचाच आहे. नवीन एवढंच, की पानाच्या वरच्या कोपऱ्यात आता हाताचं रंगीत चित्र टाकलंय. त्याला सहा बोटं आहेत.