भिंती पुरे, आता तोंडं बघा

मुंबईच्या बातम्या इंग्लंडमधल्या लेस्टरला बसून रोज वाचतो. तंबाखूवरचा वाद दोनच गोष्टींभोवती फिरतो: गुटख्याचा टेम्पो कुठे पकडला आणि स्टेशनच्या जिन्यावर कोण थुंकलं. राज्यात गुटखाबंदी झाली २०१२ साली. तेव्हापासून माल जप्त होतो, गुटखेवाल्यांना मोक्का लावा अशी मागणी होते, आणि टपरीवर पानमसाल्याची एक पुडी नि जर्द्याची दुसरी अशी जोडी मिळतच राहते. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर ओततं, तोंडात टाकतं. बंदी तिथेच संपली. मला बंदी हवीच आहे. पण ज्या तोंडात हे सगळं जातं ते उघडून कोणी बघत नाही, याचा मला खरा राग येतो.

इथे दाताच्या डॉक्टरकडे नेहमीच्या तपासणीला गेलं, की नुसते दात बघून सोडत नाहीत. गॉजच्या तुकड्याने जीभ धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढतात आणि तिच्या कडा बघतात. जिभेखाली बोट फिरवतात, छोट्या आरशाने गाल ताणून आतली बाजू पाहतात. मिनिट-दोन मिनिटांचं काम, दुखत असो वा नसो. पुसला न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल डाग, हाताला लागणारी कडक गाठ, तोंडाच्या कॅन्सरच्या या संभाव्य खुणा ते शोधत असतात. कारण न सापडलेली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचं, असा इथला नियम आहे. सरकारी सेवेतला दंतवैद्य मिळणं इथेही अवघड होऊन बसलंय, हे सांगायलाच हवं. ज्यांना तो मिळत नाही, त्यांचं तोंडही कोणी बघत नाही.

प्रत्येक चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक नसतातच. टोकदार दात, सैल कवळी, लोह किंवा बी-१२ ची कमतरता, मधुमेहात होणारी बुरशी, कितीतरी साधी कारणं असतात. पण कोणता साधा आणि कोणता नाही, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

इथे मी भरलेल्या फॉर्मवर प्रश्न दोन होते: सिगारेट ओढता का, दारू किती पिता. इथल्या लोकांसाठी ते बरोबरच आहे, कारण दोन्ही एकत्र आली की धोका कैक पटींनी वाढतो. तोंड-घशाचा कॅन्सर करू शकणाऱ्या एचपीव्ही विषाणूचीही इथे दखल घेतात. २०१९ पासून शाळेत मुलग्यांनाही त्याची लस मिळते. पण आपला माणूस 'सिगारेट ओढत नाही' असं लिहितो, ते खरंच असतं, आणि खिशात मात्र तंबाखूची डबी असते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूर काढणारे ३.८ टक्के प्रौढ होते, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. गिरणगावात हे जुनंच आहे. कापसाजवळ विडी पेटवता येत नसे, म्हणून गालात तंबाखू. माझी आजी परळच्या चाळीत तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, हातानेच चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. तिच्या लेखी ते दात घासणं होतं.

सुपारीबद्दल तर मला कधी कोणी विचारलं नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. इथे बेलग्रेव्ह रोडवर ती मुखवासाच्या शेजारी खाण्याची वस्तू म्हणून मिळते. तंबाखू न घालताही सुपारी कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. सुपारीने तोंडाचं अस्तर आतून ताठर होत जातं. आधी तिखट झोंबतं, मग गाल फिके पडतात, मग पाणीपुरी तोंडात मावेनाशी होते. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमधून आत जात नसतील, तर डॉक्टर गाठायची वेळ झाली. सुपारी सोडली तरी गेलेला लवचीकपणा सहसा परत येत नाही. या आजाराचं पहिलं वर्णन १९५२ साली झालं ते केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्यावर लिहिलं. परदेशी गेलेल्यांनी सुपारी बरोबर नेली, आजारही बरोबर गेला.

उपाय महागडा नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी उजेडात तोंडं तपासली; तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये छापून आलं. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडं तपासायची योजना आपल्या सरकारनेही आखली आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत अशी तपासणी कधीतरी झालेले लोक देशात जेमतेम एक टक्का निघाले. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून ज्या शहरात उभं आहे, त्या शहराला हे शोभत नाही. थुंकणाऱ्यांकडून जमणाऱ्या दंडातून महापालिकेने प्रत्येक दवाखान्यात एक टॉर्च, गॉजचा डबा आणि तोंड बघायला शिकलेली एक परिचारिका ठेवावी. रक्तदाब तपासायला आलेल्या माणसाला तिने आधी विचारावं, 'काका, सुपारी खाता का?' आणि मग म्हणावं, 'आ करा.'