गढूळ पाणी आणि दुप्पट क्लोरीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हवामान बदल आणि पिण्याचं पाणी यावरच्या माझ्या लेखावर सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पाणी गढूळ आलं की क्लोरीन दुप्पट करायचा, एवढा सोपा उपाय असताना मी लोकांना घाबरवतो. गळक्या पाइपांचं खापर हवामान बदलावर फोडतो. आणि शेवटी ‘उकळून प्या’ म्हणून मोकळा होतो. तिसरा आक्षेप मला मान्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

दुप्पट म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट. पण नेहमीची मात्रा नेहमीच्या पाण्यावरून ठरलेली असते. लांबलेल्या कोरड्या काळानंतर धो धो पाऊस पडला की साचलेली माती, शेण, मैला सगळं एकदम नदीत उतरतं. क्लोरीन आधी त्या सेंद्रिय घाणीवर आणि अमोनियावर खर्च होतो, आणि मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून किती टाकला यापेक्षा किती उरला हे महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ८ च्या खाली, किमान ३० मिनिटं संपर्क, आणि त्यानंतर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे कशाशीही न जोडलेला, क्लोरीन शिल्लक. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असेल तरच त्यावर निर्धास्त राहता येतं.

मात्रा अंदाजानं वाढवू नका, बादलीत ठरवा. वापरातल्याच पोत्यातली ४० ग्रॅम ब्लीचिंग पावडर एक लिटर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी घ्या. दहा लिटरच्या चार बादल्यांत पाणी भरून त्यांत १, २, ४ आणि ६ मिलिलिटर निवळी टाका, ढवळा, झाकून ठेवा. अर्ध्या तासानं सर्वांत कमी निवळीच्या ज्या बादलीत मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मिळेल, ती तुमची मात्रा. ४ मिलिलिटरची बादली निघाली तर हजार लिटरला १६ ग्रॅम पावडर. उष्णतेनं आणि दमट हवेनं पावडरीचा जोर उतरतो, पण चाचणी त्याच पोत्यातली असल्यानं तो हिशेब आपोआप धरला जातो. चारही बादल्यांत शून्य आलं तर पाणी आधी निवळावं लागेल.

मोजतानाही फसगत होते. क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) थेंबांचा पिवळा रंग अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीननंही येतो, आणि तो जंतू मारायला फार संथ. त्याऐवजी मुक्त क्लोरीन दाखवणारी, डीपीडी या रसायनाची १ क्रमांकाची गोळी वापरा आणि रंग लगेच वाचा. क्लोरीन बेसुमार झाला तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि पाण्यात काहीच नाही असं वाटतं. दुप्पट-तिप्पट टाकण्याच्या सवयीत हा धोका आहेच. शंका आली की नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यानं दहा पट पातळ करून पुन्हा मोजा.

‘तुरटी वाढवतो’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे पावसाळी पाण्याची एक खोड आहे. पुरात नदीची क्षारीयता, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, पातळ होते, आणि लिटरमागे दर १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारीयता खाते. लिटरमागे ३० मिलिग्रॅम क्षारीयता असलेल्या पाण्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम तुरटी टाकली की ती संपली. पीएच कोसळतो, गाळ धरत नाही, आणि चालवणारा आणखी तुरटी ओततो. तिथे आधी चुना लागतो. जार टेस्ट (बरण्यांत वेगवेगळी मात्रा टाकून तुरटी किती लागेल ते पाहणं) अशा दिवशी महिन्यातून एकदा नाही, दर काही तासांनी करायची.

हे काल्पनिक नाही. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताची घाण उथळ विहिरीत उतरली. क्लोरीन टाकला जात होता, पण वाढलेल्या घाणीला तो पुरला नाही. शिल्लक क्लोरीन न मोजताच वहीत आकडे भरले जात. ७ माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुमारे ४ लाख लोकांना क्रिप्टोस्पोरिडियमनं गाठलं. या परजीवीला पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन मारत नाही. त्याला चांगल्या गाळणीनं अडवावं लागतं, नाहीतर अतिनील किरणांनी निकामी करावं लागतं.

पाइप गळके आहेत हे तुमचं खरंच. पण आत दाब असेपर्यंत पाणी फटीतून बाहेर जातं. टंचाईत पुरवठ्याचे तास कापले की नळ रिकामे होतात आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून कोरडी वर्षं वाढली की जुनी गळती जास्त घातक होते. पुरवठा सुरू होताना पहिलं पाणी सोडून द्या आणि मोजणी टाकीपाशी न करता शेवटच्या नळावर करा. तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. उष्णतेत क्लोरीन लवकर उडतो, तेव्हा लांबच्या लाइनवर मध्ये दुसरी मात्रा द्यावी लागते.

आता उकळण्याबद्दल. उकळल्यानं जंतू मरतात, पण क्षार, नायट्रेट आणि निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष तिथेच राहतं, वाफ गेल्यानं उलट दाट होतं. कोमट, संथ, खतानं भरलेल्या तलावांत हे शेवाळ फोफावतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच कारणानं सुमारे ३ दिवस नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं. अशा वेळी वरच्या थराऐवजी खोलवरच्या दारानं पाणी घेणं, सक्रिय कार्बन (विष शोषून घेणारा खास कोळसा) वापरणं हे उपाय असतात. शेवाळ दिसत असताना ते गाळून काढण्याआधीच क्लोरीन मारणं चूक, कारण पेशी फुटून विष पाण्यात मोकळं होतं. मूळ लेखातली ती ओळ मी आजच बदलतो: जंतूंची शंका असेल तर उकळा, शेवाळ, खारटपणा किंवा रसायनाची शंका असेल तर उकळू नका, दुसरं पाणी आणा.