चिंचेचा बार्बेक्यू सॉस आणि बाटलीतला सॉस : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या आणि विकतच्या बार्बेक्यू सॉसवरील माझ्या लेखावर आपण परभणीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे : चिंच, गूळ आणि टोमॅटो आटवून केलेल्या पदार्थाला बार्बेक्यू सॉस म्हणणे चुकीचे असून ती भेळेची चटणीच आहे. खरा सॉस दाट, गोड, धुरकट असतो आणि तो बाटलीतच मिळतो. मी बाटलीवर अन्याय केला. शिवाय माझ्या कृतीने शेतावर भाजलेली कोंबडी बाहेरून कोळसा झाली आणि हाडाजवळ कच्ची राहिली. ज्या मुलखात ठेचा आणि येसरचा मसाला आहे तिथे हे परके लाड कशाला आणि घरचा सॉस टिकतो किती दिवस, असेही आपण शेवटी विचारले आहे.

आधी कोंबडीचे पाहू, कारण बाकीच्या मुद्द्यांचे मूळही तिच्यातच आहे. आपण लिहिता की सकाळीच सगळा सॉस चोळून ठेवला आणि दुपारी तुराट्यांच्या जाळावर जाळी टाकली. तुराट्या भडकून पेटतात, भाकरीच्या तव्याला त्यांची आंच छान लागते, पण त्यांचा निखारा टिकत नाही. साखर साधारण 160 अंश सेल्सिअसला करपण्याच्या वाटेला लागते आणि गुळात साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोजही असल्याने तो त्याहून लवकर रंग धरतो. उघड्या ज्वाळेचे तापमान याच्या कितीतरी वर असते. कोंबडी हाडापर्यंत शिजायला मात्र आतला भाग 74 अंशांपर्यंत जावा लागतो आणि त्याला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो. एवढा वेळ कोणताही गोड सॉस, घरचा असो वा महागड्या बाटलीतला, जाळावर तग धरणार नाही. म्हणूनच गोड सॉस शेवटच्या दहा मिनिटांत, निखाऱ्यावर राख धरल्यानंतर लावावा, असे लेखात लिहिले होते. बाभळीचा कोळसा वापरावा, तो एका बाजूला ओढावा, मांस दुसऱ्या बाजूला झाकून शिजवावे आणि सॉस लावल्यावर फक्त चकाकी येण्यापुरते निखाऱ्यावर आणावे.

आधीच्या अर्ध्या तासात मांस कोरडे पडू नये म्हणून काय लावायचे, हा प्रश्न उरतो आणि तिथे आपल्या ‘खऱ्या सॉस’च्या कल्पनेशी माझा मतभेद सुरू होतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात डुकराच्या मांसाला जो सॉस लावतात त्यात टोमॅटो नसतो आणि दाटपणाही नसतो. व्हिनेगर, मीठ, मिरी आणि कुटलेली लाल मिरची एवढाच त्याचा ऐवज, पाण्यासारखा पातळ. त्याच राज्याच्या पश्चिमेकडे, लेक्झिंग्टनच्या बाजूला, त्यात थोडे केचप पडते. शेजारच्या साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस चालतो आणि त्याचे श्रेय तिथे वसलेल्या जर्मन कुटुंबांना दिले जाते. अलाबामातील डेकेटर गावी बॉब गिब्सन यांनी 1925 च्या सुमारास अंड्याच्या मेयोनेजमध्ये व्हिनेगर आणि मिरी घालून पांढरा सॉस केला आणि भाजलेली कोंबडी त्यात बुडवून देण्याची पद्धत पाडली. मध्य टेक्सासमध्ये तर चांगल्या मांसाला सॉस लागतच नाही असे मानणारे पुष्कळ आहेत. आपण वर्णन केलेला दाट, गोड, टोमॅटो आणि मळीचा सॉस हा कॅन्सस सिटीचा. तो मलाही आवडतो. पण बाटलीत भरून जगभर तोच गेला म्हणून बाकीचे खोटे ठरत नाहीत.

या सगळ्यांत समान काय आहे, हे पाहिले तर आंबटपणाच सापडतो. चरबी आणि धूर यांनी जड झालेली जीभ आंबटाने मोकळी होते. गोडी कमी-जास्त होते, काही ठिकाणी नसतेही. तेव्हा आंबट कोठून आणायचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मुलखापुरता सोडवायचा असतो. आपल्याकडे बांधाबांधावर चिंच आहे.

चिंच सॉसला परकी आहे असे वाटत असेल तर इंग्लंडच्या वूस्टरशायर सॉसची बाटली उलटून पाहावी. ली अँड पेरिन्स ही तिथली कंपनी 1837 पासून तो विकत आहे, अमेरिकेतल्या घरगुती बार्बेक्यू सॉसच्या कृतींत तो सर्रास पडतो आणि त्यात चिंच असते. (अँकोव्ही मासेही असतात, म्हणून शाकाहारी घरांत तो घेताना हिरवी खूण तपासावी.) स्वीट बेबी रेज हा तिकडचा अत्यंत खपाचा सॉस, त्याच्याही घटकांच्या यादीत, अगदी शेवटाकडे का होईना, चिंच आहे.

चिंचेचा एक गुण मला व्हिनेगरपेक्षाही मोलाचा वाटतो. व्हिनेगरचे ॲसेटिक आम्ल उकळताना वाफेबरोबर उडते आणि स्वयंपाकघरात खोकला आणते. चिंचेतले टार्टारिक आम्ल उडत नाही, त्यामुळे सॉस कितीही आटवला तरी आंबटपणा जागच्या जागी राहतो. शिवाय चिंचेच्या गरात पेक्टिन असते, त्यानेच सॉसला अंग येते. बाटलीत तेच काम स्टार्चकडून करून घेतात. मी वर्षभर ठेवलेली, काळी पडलेली चिंच घेतो; नव्या चिंचेचा रंग फिका येतो आणि चव नुसतीच आंबट लागते.

भेळेच्या चटणीशी असलेला फरक कृतीतच आहे. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक मोठा कांदा आणि सात-आठ लसणाच्या पाकळ्या निखाऱ्यावर कातडी काळी होईपर्यंत भाजायच्या, सोलून वाटायच्या, त्यात अर्धी वाटी चिंचेचा दाट कोळ, शंभर ग्रॅम गूळ, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा मोहरीची पूड आणि मीठ घालून मंद आंचेवर ठेवायचे. धर्माबादच्या बाजारातली मिरची मिळाली तर उत्तम. प्रथम फेस येतो आणि शिंतोडे उडतात, मग फेस बसतो, बुडबुडे जड होऊन ‘फद्’ असा आवाज करू लागतात आणि कडेला तांबूस तकाकी दिसते. थंड ताटलीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढावी. रेघ बुजली नाही तर आंच बंद करावी. दोन चमचे व्हिनेगर या वेळी घालावे, आधी नाही. मग पातेल्यात छोटी वाटी तरंगत ठेवून तिच्यात धगधगता कोळसा ठेवावा, वर थेंबभर तूप सोडावे आणि पाच मिनिटे घट्ट झाकावे. हा धुंगार आपल्याकडच्या मुस्लिम घरांतल्या स्वयंपाकात मुरलेला आहे. बाटलीतला धुरकटपणा बहुतेक वेळा धूर थंड करून पाण्यात धरलेल्या अर्कातून येतो. जिरे, सुंठ, काळे मीठ यांतले काही इथे पडत नाही, आणि भेळेची चटणी कधी धुरात बसत नाही.

पहिल्या अर्ध्या तासासाठी मात्र हा सॉसही नको. चिंचेचे पातळ पाणी, मीठ, तिखट, ठेचलेला लसूण आणि थोडे तेल एवढेच एकत्र करून दर आठ-दहा मिनिटांनी मांसावर शिंपडावे. त्यात गूळ नाही, म्हणून ते लवकर करपत नाही. पूर्व कॅरोलायनाचे तत्त्व तेच आहे.

आता बाटलीवरच्या अन्यायाविषयी. बाटली वाईट असे मी म्हटलेले नाही, वेष्टन वाचा असे म्हटले होते. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीची सुरुवात साखर किंवा कॉर्न सिरपने होत असेल तर तो सॉस मुख्यतः पाक आहे. गोड सॉसच्या दोन मोठ्या चमच्यांत बारा ते सोळा ग्रॅम साखर सहज असते. टोमॅटो पेस्ट आणि व्हिनेगर वरच्या ओळींत असतील तर मी ती बाटली घेतो. वीबाचा सॉस लातूर-नांदेडच्या मोठ्या दुकानांत सहज दिसतो. अमेरिकन गार्डनचा संभाजीनगरात मिळतो. पाहुणे जास्त असतील, लहान मुले बुडवून खाणार असतील किंवा मक्याच्या कणसावर नुसता ओढायचा असेल तेव्हा मी बिनदिक्कत बाटली उघडतो, फक्त वाटीत काढून तिच्यात लिंबू पिळतो. दर वेळी तीच चव देणे बाटलीला जमते. माझ्या पातेल्याला ते जमत नाही, कारण टोमॅटो दर आठवड्याला वेगळा असतो.

ठेचा आणि येसर यांच्याशी या सॉसची स्पर्धाच नाही. ठेचा जाळीवर टाकला तर त्यातला लसूण कडू होतो. तो भाकरीशी, शेजारी बसूनच शोभतो. येसरमध्ये भाजलेली धान्ये आणि डाळी असल्याने तो तेलात कालवून कोंबडीला चोळला तर चांगला पापुद्रा धरतो, आणि वरून शेवटी चिंचेचा सॉस फिरवला तर दोन्ही एकमेकांना धरून राहतात. नान खलियासारखा (नान आणि मटणाचा रस्सा) बाहेरून आलेला पदार्थ आपलासा करणाऱ्या मुलखाने एका सॉसला परका ठरवावे, हे मला पटत नाही.

टिकण्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. घरचा सॉस उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन ते तीन आठवडे नीट राहतो. बाहेर ठेवू नये, विशेषतः आपल्या एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. कच्च्या कोंबडीला लागलेला ब्रश बरणीत बुडवू नये. भाजण्यापुरता सॉस आधीच वेगळ्या वाटीत काढावा आणि त्यातला उरलेला टाकून द्यावा. पनीर किंवा वांगी भाजत असाल तर एवढी काळजी लागत नाही.